टाच न टेकता

सकाळचं पहिलं पाऊल
मी पलंगाच्या कडेला बसून आधी मनात टाकते.
मग खरं.
टाचेत काच.
भिंतीला हात. दुसरं पाऊल. पुन्हा काच, जरा बोथट.
स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं.
कॉफी उकळेस्तोवर मी माणसात येते.

एकतीस वर्षं ईसाल्मीच्या पोस्टात होते.
कुठल्या पायरीवर बर्फ लपून राहतो,
कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं,
लेप्पॅनेनबाईंच्या फाटकाची कडी कशी उलटी लागते,
हे माझ्या तळव्यांना माझ्याआधी कळायचं.
आता ती पिशवी सांपो नावाचा पोरगा नेतो,
विजेच्या गाडीवरून.
आणि टपाल उशिरा येतं.

डॉक्टरीणबाई सडपातळ. हसऱ्या.
म्हणाल्या, वजन उतरवा, टाचेवरचा भार कमी होईल.
कसं उतरवू?
म्हणाल्या, चाला.

भिंतीवर सोललेल्या पायाचं चित्र होतं,
तळव्याखाली पांढरा पट्टा, धनुष्याच्या दोरीसारखा ताणलेला.
मी त्याच्याकडंच बघत राहिले.
तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
माझी गेली, तिथं कुणी भेटलं नाही म्हणून परत आली.
मी आभार मानले
आणि लंगडत बसथांबा गाठला.

मग नुसतं घर.
कर्ज न काढताच माझ्या हिंडण्याफिरण्यावर टाच आली.
वेलचीचे पाव, खिडकी, अजून एक वेलचीचा पाव.
बाल्कनीत ठेवलेली पाण्याची बाटली रात्रीत आपोआप गोठायची,
बातम्या लागल्या की ती तळव्याखाली लाटायची,
पुढं, मागं, पुढं,
जणू पोळी, जी कधीच गोल होणार नाही.
चौऱ्याण्णव किलो.

खालच्या मजल्यावरची हिल्का एक दिवस
निळा पट्टा घेऊन दारात उभी.
म्हणाली, कमरेला बांध. तोंड कोरडं राहतं. चल.

जलतरण तलावाची खोल बाजू.
पाण्यात पळायचं, पण टेकायचं नाही कुठंच.
आठ बायका, आठ हनुवट्या पाण्यावर,
एकीच्या ओठांना लाली,
बोलणं वीजबिलाचं, जावयाचं, कुणाच्या तरी नव्या खुब्याचं.
झपाझप पोहणारे पुरुष आम्हाला वळसा घालतात
रस्त्यात आलेल्या रेनडिअरांना घालावा तसा.

पहिल्या दिवशी मी बुचासारखी कलंडले.
जन्मभर ऐकत आले, पाय जमिनीवर असू दे.
आता जमीन साडेतीन मीटर खाली,
आणि टाच
गप्प.

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं,
मी नुसती पळत नाहीये, पत्रं वाटतेय.
या काठापासून त्या काठापर्यंत स्टेशनामागची गल्ली,
वळून परत येताना चर्चची बाजू.
पिवळं घर. वीजबिल.
तळघरातला शिंपी. त्याला कधीच काही येत नाही, तरी डोकावायचं.
मग लेप्पॅनेनबाई.
गेल्या शरदात त्या गेल्या.
पाण्याखाली मात्र कडी
पहिल्याच हिसक्याला उघडते.

काटा म्हणतो, एक्क्याण्णव पूर्णांक चार.
हिल्का म्हणते, ओला पोशाख घालून कशाला चढतेस, बावळट?
टाचेत काच आहेच रोज.
पण हल्ली ती सातव्या पावलाला बोथट होते.
आठव्या. काल नवव्या.
नेम नाही.

काल तलावाहून घरी येत होते
लोखंडी पात्यांच्या ढकलखुर्चीवरून,
दुखरा पाय पात्यावर पाहुण्यासारखा,
चांगला पाय बर्फाला रेटे देत.
सांपोनं गाडी थांबवली.
मावशी, तुमचं एक पत्र आहे. इथंच घेता?

नको, म्हटलं. पेटीत टाक.
मला पेटीपर्यंत जायचंय.