बुडी

खारेगावात, सातव्या मजल्यावर
पावणेपाचला मी सतरंजी घालते.
खिडकीतून खाडी दिसत नाही, नुसता वास येतो तिचा,
आणि बायपासवरून कंटेनरची घरघर.
डोळे मिटायच्या आधी फोन पालथा ठेवते.
तरी तो सतरंजीवर
उलट्या पडलेल्या किड्यासारखा थरथरत राहतो.

सोसायटीच्या ग्रुपवर रात्रभर कुणी झोपत नाही.
बी विंगला नवा कॅमेरा. दाराला तिसरं कुलूप.
दूधवाल्याने अंगठा लावूनच वर यावं.
हिरव्या हुडाची रिक्षा दिसली तर कळवा.
खात्री नाही, पण सावध असलेलं बरं.
खात्री नाही, पण.
या 'पण'वर केवढी इमारत उभी आहे,
तेवीस मजले, आणि वर पाण्याच्या टाक्या.

मी नाम घेते. म्हणजे, घ्यायला बसते.
अकराव्या मण्यावर पोराची फी,
तिसाव्यावर सोनोग्राफीचा रिपोर्ट,
साठीच्या आसपास कुणी दार वाजवल्याचा भास.
उठून बघते. कुणी नसतं.
परत येऊन पहिल्यापासून.
एकशेआठ पुरे झालेली सकाळ
वर्षातून दोनदा उजाडत असेल.

हिराजी तात्या रेतीबंदरला बुड्या मारायचे.
होडीतून बांबू रोवायचा थेट तळापर्यंत,
त्याला धरून बादलीसकट उतरायचं,
एका श्वासात रेती भरायची, वर यायचं.
दिवसभर तेच.
ती रेती या शहराच्या पायात गेली.
आमच्याही एखाद्या कॉलममध्ये
तात्यांचा एखादा श्वास असेल.
आता पाण्याने कानाचे पडदे फाटलेत,
म्हणून साधं बोलतानाही ओरडतात.

तात्या, खाली काय दिसायचं?
"काय पन नाय! कालोख. डोलं उघर नायतर मिट, येकच.
निसता बांबू."
भीती नाही वाटायची?
"वाटाची ना! ती बी बुरी मारायची माझ्यासंगं.
पन बांबू माझ्या हातान व्हता, तिच्या नाय."

मंगळवारी रात्री साडेअकराला
ग्रुपवर आलं: पोरं पळवणारा सापडला, गेटवर या.
खाली चाळीसेक माणसं.
मधे एकजण उकिडवा, पोत्याला मिठी मारून.
पोत्यातून बाहुलीचा हात बाहेर आलेला.
नाव विचारलं की नुसता हसायचा.
सकपाळांच्या हातात मुलाची बॅट होती.
हेच सकपाळ माझ्या सासऱ्यांना
मध्यरात्री गाडीतून सिव्हिलला घेऊन गेले होते.

मी गाऊनवर ओढणी घेऊन उतरले होते,
बघायला. खरं सांगते, बघायलाच.
कशी पुढे गेले आठवत नाही.
त्याचा दंड धरला तेवढं आठवतं.
बांबूएवढा दंड. ओला.
"ओळखता याला?"
नाही.
"खात्री आहे तुम्हाला?"
खात्री मलाही नव्हती, पण.

पुढे काही सुचलं नाही.
गुडघे लटलटत होते
आणि तोंडातल्या तोंडात नाम चाललं होतं,
न मोजता, चुकत, अडखळत.
कुणी मोबाइल वर धरून शूट करत होतं.
बॅट एकदा उचलली गेली, मग खांद्यावर टेकली.
वीस मिनिटांनी पोलिसांची गाडी आली.
तो कोण होता ते अजून कळलेलं नाही.

सकाळी ग्रुपवर:
काही रहिवाशांना सुरक्षेचं गांभीर्य नाही.
खाली अकरा अंगठे.
लिफ्टमध्ये सकपाळ आकडे बघत राहिले, मीही.
आणि हेही सांगायला हवं,
त्या रात्री वर आल्यावर
मी दाराला आतून दुसरी कडी घातली.
मग खालची पण.

आज चौदाव्या मण्यावर हात सुटला.
चाचपून पुन्हा धरला.
फोन थरथरतोय.
बाहेर अजून काळोख आहे,
दम संपत आलाय,
बादली अर्धीसुद्धा भरलेली नाही.