एक घर रिकामं

महापुरात तिजोरी तीन दिवस पाण्याखाली होती.
हळदीची पोती फुगून उसवली, गोदामाच्या भिंतीवर
छातीएवढ्या उंचीला पिवळी रेघ राहिली.
आण्णांचं रिव्हॉल्वर ओल्या रुमालात तसंच,
मुठीएवढं, अंग चोरून बसलेलं.

लायसन आता माझ्या नावावर.
म्हणून हरभट रोडला, दस्तगीर शिकलगारांच्या काउंटरवर
ते उघडून ठेवलं. शेजारी काडतुसांची डबी.

चष्मा कपाळावरून खाली घेत
ते एकेक काडतूस उजेडात फिरवतात,
आम्ही हळकुंड मोडून बघतो तसं.
"ह्याला हिरवं चढलंय. नको.
ह्याच्या टोपीत पाणी गेलंय. नको.
अर्धवट पेटलं तर गोळी नळीतच अडकायची,
आणि मागनं दुसरी आली की..."
पुढचं वाक्य फडक्यात पुसून टाकतात.

मी जोरदार काडतुसांचं विचारते,
भाच्यानं फोनवर दाखवलेली.
"बसतंय म्हणून घालायचं नसतंय, अक्का.
दोन घरांमधली भिंत बघा की. नखाएवढी.
आणि हे लोखंड तुमच्या आण्णांपेक्षा थोरलं.
नळीवर कोरलंय तेच घालायचं,
वर दारूचा एक दाणा नको.
लहान हत्यार आधी आपल्यालाच लाथ मारतंय."

आण्णा दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नसत.
मुंगी दिसली तर झाडू बाजूला ठेवायचे.
आणि उशाशी हे.

दस्तगीर जुनी वही काढतात, बोटानं रकाना धरतात:
सत्त्याऐंशी, चौगुले हळदवाले, पन्नास नग.
त्यानंतर काहीच नाही. फक्त दर इलेक्शनला
ठाण्यात जमा, ठाण्यातून परत.
आम्ही मोजतो. डबीत चव्वेचाळीस.
घरांत पाच.
पुन्हा मोजतो.

ते वर बघत नाहीत. मी विचारत नाही.
बाहेर कुणीतरी टेम्पो मागं घेतंय,
येऊ दे, येऊ दे, म्हणतंय.

भिजलेली सगळी ठेवून घेतात, पावती फाडतात.
नवी, साधी, पंचवीस मोजून देतात.
"पाचच भरायची. घोड्याखालचं घर रिकामं.
पडलं-झडलं तर धक्का त्या घराला बसू दे.
आण्णांना मीच सांगितलेलं हे."
थांबतात.
"नंतर सांगितलेलं."

मी चक्री डोळ्यापाशी धरते.
रिकाम्या घरातून रस्ता दिसतो,
पैशाएवढा गोल;
त्यात एक सायकल येते, जाते.