आजीव वर्गणीदार

चीटम हिल रोडला, रेनकोटच्या कारखान्याखाली, तळघरात
हिर्श गोरलिकचा छापखाना.
वर शिलाईयंत्रं सुरू झाली
की खाली खणांतले खिळे शहारत.

नोकरी मागायला गेले, तर त्याने आधी माझं तोंड पाहिलं, मग बोटं.
"ज्यू, आणि यिद्दिश येत नाही?"
म्हटलं, आमच्यात मराठी बोलतात,
देवाशीही, हिब्रू संपली की.
बाबा पनवेलचे जुळारी, एलोजी चेऊलकर.
जमातीचं मासिक काढायचे; शुक्रवारी दिवेलागणीला ट्रेडल थांबायचं
ते थेट रविवारी.
"शनवार तेल्यांचा घाणा," शेजारी हसायचे,
"तेलाऐवजी शाई गळते."

गोरलिक हसला नाही. एक ओळ जुळवून पुढे सरकवली.
खिळ्यांत ती लिपी उलटी होते,
डावीकडून उजवीकडे धावते, आपल्यासारखी.
अक्षरं प्रार्थनेतली, शब्द परके.
मी मोठ्यानं वाचली, काही न कळता.
"सोमवारपासून ये," तो म्हणाला. "अर्थ वाचकांकडे असतो."

अंक तिमाही. एक कविता, दोन भांडणं,
एकाच शब्दाच्या स्पेलिंगवरून अकरा वर्षं चाललेला पत्रव्यवहार,
आणि मलपृष्ठाच्या आत, कोण कोण गेलं.
मी अंक उघडायची आपल्या सवयीनं, आपल्या बाजूनं,
त्यामुळे मला दर वेळी आधी मेलेलेच भेटायचे.

लीड्सहून पाकिटं परत येत, ग्लासगोहून, स्टॅमफर्ड हिलहून:
पत्त्यावर कोणी राहत नाही.
यादीवर काट मारायला मी पेन्सिल उचलली
तर त्याने ती काढून घेऊन स्वतःच्या कानावर खोचली.
"मिसेस झुकरब्राउन आजीव वर्गणीदार आहे.
सत्तावीस साली तीन पौंड भरलेत तिने.
कुणाच्या जिवात जीव असेपर्यंत, ते पावतीवर लिहिलेलं नाही."
आणि परत आलेल्या पाकिटावर नवं तिकीट.

तो गेला फेब्रुवारीत. गोठलेल्या मातीत कुदळ लागेना.
मलपृष्ठाच्या आतलं ते पान मीच जुळवलं,
एकटीनं, काळ्या चौकटीसह.
दोनशे सहा पाकिटं, यादीबरहुकूम, एकही नाव न गाळता.
जीभ दोन दिवस डिंकाची.
वाटलं, झालं. मोडीत खिळे नेणारा माणूस गुरुवारी यायचा होता,
वजनावर भाव.

बुधवारी सॅलफर्डहून एक कार्ड. कापरं अक्षर,
ना दुखवटा, ना धड सही:
"मृत्युलेखात तिसऱ्या ओळीत एक आलेफ जास्तीचा पडलाय.
गोरलिक असता तर हे होऊ दिलं नसतं."

वाचलं. पुन्हा वाचलं.
तळघरात कोणी नव्हतं, तरी मी
कानावरची पेन्सिल चाचपली,
मोडवाल्याला फोन करून सांगितलं, येऊ नका.
मग स्टिक हातात घेतली
आणि पुढच्या अंकाचं पहिलं पान सुरू केलं,
उजवीकडून:
शुद्धिपत्र.