अर्धी पट्टी

हर्णैच्या लिलावातून सरळ माझ्या दुकानात येतात,
बोटांत अजून बर्फाची कळ,
नोटांना कोळंबीचा वास.
मी नोट चिमटीत धरून गल्ल्यात टाकतो
आणि विचारतो, काय होतंय.

होतंय तेच, जे दरवर्षी होतं.
गटारीनंतर पित्त, आषाढात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या,
वैशाखात आंब्याचा चीक उडून ओठाला फोड,
शिंगाळ्याचा काटा घुसून टम्म सुजलेला अंगठा.
"मागच्यासारखी दे, पांढरी, मधी रेघ असलेली."
कुणी रिकामं वेष्टन आणतं पदराच्या गाठीतून,
घडी घालून, अंगाऱ्याची पुडी असावी तसं.
पावसे वहिनी दुखण्याचं नावच घेत नाहीत.
शेजारच्या गिऱ्हाइकाची पाठ वळेपर्यंत थांबतात
आणि काचेवर बोट टेकवतात,
खालून दुसऱ्या खणाकडे.

दापोलीला जायचं तर भाडं, वर डॉक्टरची फी,
वर बुडालेली एक पाटी मासळी.
माझ्याकडे दहा रुपयांत अर्धी पट्टी, सल्ला फुकट.
मी डॉक्टर नव्हे, हे रोज सांगतो.
"होय डॉक्टर," म्हणतात.

पट्टी कापताना एक नियम पाळतो:
तारखेचा तुकडा शेवटी विकायचा.
गिऱ्हाइकाच्या हातात नाव जातं,
मुदत माझ्याकडे राहते.

यासीन होडेकर आला तेव्हा शटर अर्धं ओढलं होतं.
वाकून आत शिरला. छातीत जळजळतंय, म्हणाला,
भाच्याच्या मंगनीतलं जेवण खाली उतरलं नाय.
कपाळावर घाम होता.
पण तो चढ चढून आला होता, ऑक्टोबर होता,
आणि घाम कुणाच्या कपाळावर नव्हता?
मी गुलाबी औषधाच्या दोन बाटल्या दिल्या.
एक पुरली असती.
तीन रुपये सुट्टे नव्हते,
खोकल्याच्या तीन गोळ्या ठेवल्या तळहातावर.
एक त्यानं तिथंच तोंडात टाकली.

पहाटे त्याचीच होडी त्याला आडवा घेऊन परतली,
जाळं कोरडं.

इद्दत संपल्यावर रुकय्या आली.
चार महिने दहा दिवस मी बोलणं जुळवत होतो.
तिनं पिशवीतून बाटली काढली.
"ह्याचं सील फोडलेलं नाय. परत घ्याल काय?"
माझ्या डोक्यावर, माझ्याच अक्षरात, पाटी:
विकलेली औषधे परत घेतली जाणार नाहीत.
ती तिनं वाचली होती. वाचताना मी पाहिलं होतं.
मी पैसे दिले, दोन्ही बाटल्यांचे.
तिनं एकीचे मोजून घेतले
आणि उरलेले काचेवरून माझ्याकडे सरकवले.
"ती त्यांनी प्यायली," म्हणाली.

जुळवलेलं काहीच बोललो नाही.

तेव्हापासून विचारत बसतो.
कळ हातात उतरते का, जबड्यात जाते का,
चढावर थांबावं लागतं का.
सर्दीवाल्यालासुद्धा.
पोरं हसतात: रेडीज म्हातारा झाला,
बामच्या डबीला अर्धा तास.
आजवर चौघांना औषध न देता रिक्षात बसवलं.
तिघे दुसऱ्या दिवशी भाड्याचे पैसे मागायला आले.
चौथ्याच्या घरून हलवा आला, साफ करून,
केळीच्या पानात.

ती बाटली अजून खणात आहे.
विकता येत नाही, टाकवत नाही.

परवा रुकय्या आली, डोकं दुखतं म्हणून.
मी तोंड उघडणार इतक्यात तिनंच सांगितलं,
"हातात उतरत नाय. नुसतं डोकं."
मी कात्री घेतली.
पट्टी कापली,
तारखेकडून.