दर दोन तासांनी कूस

वीस वर्षं मी दुसऱ्यांची अंथरुणं बघतेय.
कुणाची पाठ कुठे लाल होणार
ते चादर काढायच्या आधीच कळतं मला.
इस्पितळाचं नाव बदललं, जागा बदलली,
म्हापशात सगळे अजून आझिलोच म्हणतात.
तिथे अठ्ठ्याण्णव किलोंच्या पेद्रूबाबला
मी आणि वॉर्डबॉय गुणाजी
दर दोन तासांनी वळवायचो.
उजवी. उताणी. डावी. तक्त्यावर सही.

माझी कूस कुठली,
हे गादीवाल्या मिनिनोनं विचारलं
तेव्हा उत्तर सुचेना.

शुक्रवारचा बाजार. रात्रपाळी करून तशीच गेलेली.
पिशवीत हरमलच्या मिरच्या,
मनगटाच्या वर परवाच्या सुयांचे ठिपके.
हेदे डॉक्टरांनी दहा थेंब टोचून पाहिले होते.
परागकण : काही नाही. झुरळ : जरासं.
घरच्या धुळीतल्या किड्याला मात्र
चार आण्याच्या नाण्याएवढी गांध.
"गादी कधीची?"
"लग्नातली."
"आणि लग्न?"
"ते मोडलं. गादी राहिली."
डॉक्टर मान खाली घालून लिहीत राहिले.

केरीच्या सावरीचा कापूस आईनं स्वतः भरलेला.
दर आश्विनात मी ती गच्चीवर नेऊन काठीनं झोडायची
आणि दिवाळीपर्यंत शिंकायची.
दोन्हींचा संबंध लावायला
मला, शिकलेल्या नर्सला, वीस वर्षं लागली.

मिनिनो दाबून दाबून दाखवत होता.
काथ्या कंबरेला चांगला, पण आपली दमट हवा पिऊन बसतो.
हा फोम अंगाचा आकार धरतो,
आणि वीज गेली की अंगाची ऊबही धरतो.
लॅटेक्स सगळ्यात उत्तम, वीस वर्षं बघायला नको.
मी म्हटलं, रबराच्या हातमोज्यांनी माझी मनगटं सोलायची,
आता निळे वेगळे वापरते.
त्यानं लॅटेक्सवरचा हात काढून घेतला,
जणू त्यालाच खाज सुटली.

"न्हिदून पळय गो बाय."
पायांखाली प्लास्टिक अंथरलं त्यानं.
काचेपलीकडे चुडत्यांच्या झाडू विकणारी बाई,
ती सरळ माझ्याकडे बघत होती.
आडवी झाले. वळले.
उजवीकडे.
अच्छा, म्हटलं, उजवीकडे होय.

पुढचं आठवत नाही.
जाग आली तेव्हा शटर अर्धं ओढलेलं,
पंख्याचं तोंड माझ्याकडे,
मिनिनो बाहेर स्टुलावर उंडा-भाजी खात होता.
पंचावन्न मिनिटं, तो म्हणाला,
आणि बिलबुक उघडलं. "मग हीच?"

ही नको.
झोप मला कुठेही लागते, बाबा.
लिफ्टजवळच्या बाकावर लागते,
शिवोलीच्या बसमध्ये उभ्यानं लागते.
गादीची परीक्षा उठताना होते.
खांदा बधिर झालाय, करंगळीला मुंग्या.
पेशंटनं असं सांगितलं असतं
तर मी रात्रीच उशी सरकवली असती.

मग उताणी झाले, हात कंबरेखाली घातला.
हिच्यावर अख्खी मूठ आरपार : कडक.
पुढचीवर बोटही शिरेना, मीच रुतले :
हिच्यातून मला काढायला गुणाजी लागेल.
तिसरीवर तळवा सरकला, जरा अडला, सरकला.
ही. प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत,
एक दबली तर शेजारणीला पत्ता नाही.
आमच्या क्वार्टर्समध्ये अशी सोय असती तर!
वर चेनचं खोळ, किडा आत ना बाहेर,
पंधरवड्याला कढत पाण्यात धुवायचं.

"तीन बाय सहा ना? एकट्याक पावता."
"चार बाय सहा," मी म्हटलं. "मी वळते."

सोमवारी सकाळी आठला पडदे ओढून पडले.
केव्हातरी आपोआप डावीकडे गेले असेन,
केव्हातरी पाठीवर.
तक्त्यावर सही करायला कुणी नव्हतं.

चारला पदेराचा भोंगा ऐकून उठले.
शिंका तीन.
परवा अकरा होत्या.