डावा कोपरा

हरेश्वर पावसेच्या बोटांची ओळख
माझ्या घोट्याला माझ्याआधी झाली.
पाजपंढरी, शिमग्याचे सामने,
ट्यूबलाइटखाली तो कोपऱ्यात असा उभा
जसा कुणी एसटीची वाट बघतोय.
बोनसला पाय टाकला, एवढंच आठवतं.
मग तोंडात माती नि दम तुटलेला.

पुढे त्याचा लिलाव झाला, टीव्हीवर.
हर्णै बंदरात त्याची आई
पापलेटच्या वाट्यावर बोली लावत होती.
कुणी धावत येऊन आकडा सांगितला,
तर म्हणाली, "किलोला?"

सहा हंगाम.
पोस्टरवर चढाईवाले.
पकडणाऱ्याला कॅमेरा शोधतो तेव्हा
तो ढिगाच्या तळाशी असतो,
वर सात जणांची पाठ.

सातव्याला गुडघा फिरला.
त्या साली नाव पुकारलं;
हात कुणीच वर केला नाही.
बंदरात असा माल खारवायला जातो.

आता होडी लागते तेव्हा दोर तोच धरतो,
डावीकडून, वाकून,
लाटेच्या पायांवर नजर ठेवून.
परवा मुद्दाम मागून गेलो, दबकत, वाळूतून.
वळला नाही. म्हणाला,
"उजवा पाय अजूनही आधीच उचलतोस, विनू."