ठोक्याच्या मागे

आयरिस ब्रिगॅन्झा मंगळवारी वारली.
भुसावळात सत्तेचाळीस डिग्री.
फादर म्हणाले, वाजवायला कोणी आहे का तिच्याकडचं?
मी ट्रम्पेट घेऊन गेलो, बँडचा लाल कोट घालून.
दुसरा कोट नाही माझ्याकडे.

तिचा बाप वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर.
इटारसीहून परतताना यार्डाअलीकडे शिट्टी लांबवायचा,
आई बंबात पाणी ओतायची,
अन् पोरगी त्या शिट्टीला वरचा सूर लावायची,
शिट्टी संपली तरी सोडायची नाही.

पंधराव्या वर्षी इन्स्टिट्यूटच्या लाकडी फरशीवर उभी राहिली,
चपला उसन्या, एक नंबर मोठ्या.
मग मुंबईची हॉटेलं, कलकत्त्याचे दोन हिवाळे,
एक तबकडी. तीवर नावाचं स्पेलिंग चुकलेलं.
मग पियानोवाला पर्थला गेला,
ड्रमवाला दारूत,
हॉटेलांनी टेपरेकॉर्डर घेतले
अन् ती परत आली, रुळांपलीकडच्या दोन खोल्यांत.

मी वरातीत वाजवायचो.
तिच्या दारावरून चाललो होतो, भर दुपारी,
ती बाहेर आली, हाताला पीठ.
"सूर बरा आहे रे. पण एवढी घाई?
नवरदेवालासुद्धा नसेल."

अकरा वर्षं गेलो, लग्नतिथी नसलेल्या रविवारी.
"सुपडू, ठोक्यावर पाय देऊ नको.
मागे चाल.
बाजारात बाई नवऱ्याच्या मागे चालते बघ,
रस्ता तिलाच ठाऊक असतो."
आणि चुकलो तर?
"गाडी लेट झाली म्हणजे रद्द झाली का?
भुसावळचाच ना तू?"

तिचा आवाज तोवर फाटलेला,
वरच्या पट्टीत नुसती हवा.
पण त्या फाटीतूनच ती आत शिरायची,
आणि मला शेजारचं भांडं पडलेलंही ऐकू यायचं नाही.
एकदा विचारलं, जॅझ कळलं थोडं,
पण हे सोल सोल म्हणता ते काय, बाई?
बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "कळण्याची भाकर करपतेय, उतरव."

कबरस्तानात आम्ही सहा जण.
तिचं आवडतं धरलं, संथ,
मधेच कोळशाची मालगाडी आली.
ओठ तसेच ठेवून डबे मोजले.
अठ्ठावन्न.
फादरनी पुस्तक मिटलं. माती पडली.
फावडेवाल्यानं विचारलं, "झालं का, भो?"
मी हातानंच सांगितलं,
थांब.